पॅकेज मॅनेजरच्या नोंदीत नसलेली लायब्ररी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे संगणक कक्ष, जिनिंग कारखाने आणि केळीचे वजनकाटे अशा ठिकाणची लिनक्स यंत्रे मी सांभाळतो. या कामात ज्या तक्रारीसाठी मला वारंवार बोलावले जाते, ती जवळजवळ नेहमी एकाच संदेशात मावते: अमुक शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती तयार फंक्शनांची फाइल) उघडता आली नाही, अशी फाइल किंवा फोल्डर अस्तित्वात नाही. हा संदेश दिसला की बहुतेक जण त्या फाइलचे नाव शोधतात, कोठल्यातरी अनोळखी संकेतस्थळावरून ती उतरवून सिस्टिमच्या लायब्ररी फोल्डरमध्ये टाकतात आणि प्रोग्राम सुरू झाला म्हणजे काम झाले असे समजतात. मला मात्र ती फाइल कोठे मिळेल यापेक्षा अधिक महत्त्वाचा प्रश्न असा वाटतो की, या प्रोग्रामला ही लायब्ररी लागते ही गोष्ट यंत्रावरच्या पॅकेज मॅनेजरला, म्हणजे प्रोग्राम बसवणाऱ्या, काढणाऱ्या आणि त्यांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला, आधीच का ठाऊक नव्हती? ती त्याला ठाऊक असती, तर लायब्ररी नाहीशी होण्याची वेळच आली नसती. हा लेख त्या ठाऊक असण्याविषयी आणि नसण्याविषयी आहे.

लिनक्सवर चालणारा, बांधणी करून तयार केलेला प्रोग्राम सहसा ईएलएफ नावाच्या स्वरूपात साठवलेला असतो आणि त्याच्या आत 'नीडेड' या शीर्षकाखाली त्याला लागणाऱ्या लायब्ररींची नावे लिहिलेली असतात. प्रत्येक लायब्ररीच्या आतही तिचे स्वतःचे अधिकृत नाव असते, ज्याला एसओनेम म्हणतात. उदाहरणार्थ, सुरक्षित जोडणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएलच्या तिसऱ्या पिढीच्या लायब्ररीचे एसओनेम 'लिबएसएसएल डॉट एसओ डॉट ३' असे आहे आणि तिच्या आधीच्या पिढीचे 'लिबएसएसएल डॉट एसओ डॉट १.१' असे होते. शेवटचा आकडा तेव्हाच बदलायचा असतो, जेव्हा लायब्ररीच्या रचनेत असा बदल होतो की जुने प्रोग्राम नव्या फाइलवर चालू शकणार नाहीत. मूळ सी लायब्ररीचे 'लिबसी डॉट एसओ डॉट ६' हे नाव १९९७ पासून आजपर्यंत बदललेले नाही, यावरून ती सांभाळणाऱ्यांनी जुन्या प्रोग्रामांची किती काळजी घेतली आहे हे कळते. प्रोग्राम सुरू होताना लोडर, म्हणजे त्याला स्मृतीत आणणारा प्रणालीचा भाग, ही नावे वाचतो, ठरलेल्या जागी त्या नावांच्या फाइली शोधतो आणि त्या सापडल्या की पुढे जातो. फाइल कोणत्या पॅकेजातून आली, ती कोणी आणि कधी ठेवली, याच्याशी लोडरला काहीही कर्तव्य नसते.

आमच्याकडे वाटणी झालेल्या भावांच्या शेतांत विहीर पुष्कळदा सामाईक राहते आणि तिच्यातला कोणाचा हिस्सा किती, हे सातबाऱ्यावर इतर अधिकारांत नोंदलेले असते. विहिरीत बदल करायचा झाला, तर तिच्यावर कोणाकोणाचे पाणी अवलंबून आहे हे त्या नोंदीवरून कळते. शेअर्ड लायब्ररी ही अशी सामाईक वस्तू आहे आणि पॅकेज मॅनेजर हे तिचे दप्तर आहे. ज्याचा हक्क दप्तरात नाही, त्याला विचारले जात नाही.

ही नोंद कशी होते ते डेबियन आणि उबुंटूच्या संदर्भात थोडे विस्ताराने सांगतो, कारण आमच्या भागात बहुतेक यंत्रांवर याच दोन प्रणाली आहेत. पॅकेज तयार करणारी व्यक्ती लागणाऱ्या लायब्ररींची यादी हाताने लिहीत नाही, आणि लिहूही नये. बांधणीच्या, म्हणजे तयार फाइल आणि पॅकेज बनवण्याच्या, शेवटी 'डीपीकेजी-एसएचलिबडेप्स' हे साधन पॅकेजातला प्रत्येक प्रोग्राम उघडते, त्यातील नीडेड नोंदी वाचते, त्या नावाची फाइल यंत्रावर कोणत्या पॅकेजाच्या मालकीची आहे हे डीपीकेजीच्या, म्हणजे या प्रणालींच्या मूळ पॅकेज मॅनेजरच्या, माहितीसाठ्यात पाहते आणि मग त्या लायब्ररीच्या पॅकेजासोबत आलेली 'सिम्बॉल्स' नावाची फाइल वाचते. या फाइलमध्ये लायब्ररीतील प्रत्येक सिम्बॉल, म्हणजे प्रत्येक फंक्शनचे वा चलाचे नाव, कोणत्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे ते लिहिलेले असते. प्रोग्राम त्यांपैकी नेमके कोणते सिम्बॉल वापरतो ते पाहून किमान कोणती आवृत्ती हवी हे साधन स्वतः ठरवते. म्हणजे प्रोग्राम नव्या यंत्रावर बांधला म्हणून नवीच लायब्ररी हवी, असा ढोबळ निष्कर्ष न काढता, त्याने जुनीच फंक्शने वापरली असतील तर जुन्या आवृत्तीवरही तो बसू शकेल असे पॅकेजात लिहिले जाते. इतके बारीक काम करणारे साधन आपल्या हाताशी फुकट असताना त्याचा उपयोग फक्त वितरणाच्या (डेबियन, उबुंटूसारख्या तयार प्रणालीच्या) अधिकृत पॅकेजांपुरता होतो, याचे मला नेहमी वाईट वाटते.

या सिम्बॉलच्या आवृत्त्यांचा अनुभव विद्यार्थ्यांना वेगळ्या वाटेने येतो. घरच्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ असते आणि महाविद्यालयाच्या कक्षात अजून २०.०४ असते. विद्यार्थी घरी सी भाषेतला अगदी साधा, दोन ओळी छापणारा प्रोग्राम बांधतो आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी तयार फाइल पेनड्राइव्हवर आणतो, तेव्हा कक्षातील यंत्र त्याला सांगते की 'जीएलआयबीसी २.३४' ही आवृत्ती सापडली नाही. इतक्या साध्या प्रोग्रामने नवीन काय वापरले असेल, हे त्याला कळत नाही. त्याचे कारण प्रोग्रामच्या मजकुरात नसून त्याच्या सुरुवातीला आहे. जीलिबसी म्हणजे वर सांगितलेली मूळ सी लायब्ररी, आणि संदेशातली 'जीएलआयबीसी' तीच. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या जीलिबसी २.३४ मध्ये थ्रेडची लायब्ररी मुख्य सी लायब्ररीत विलीन करण्यात आली आणि त्याच वेळी प्रत्येक प्रोग्रामला सुरू करून देणाऱ्या प्रारंभिक फंक्शनलाही नवी आवृत्ती देण्यात आली. त्यामुळे त्यानंतरच्या जीलिबसीवर बांधलेला जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम किमान २.३४ मागतो. उबुंटू २०.०४ मध्ये जीलिबसी २.३१ आहे आणि २२.०४ मध्ये २.३५ आहे. एसओनेम दोन्हीकडे तेच, 'लिबसी डॉट एसओ डॉट ६', म्हणून नावावरून काहीच समजत नाही. हाच प्रोग्राम जर पॅकेज करून आणला असता, तर त्याच्या माहितीत 'लिबसी६, २.३४ किंवा अधिक' अशी अट आपोआप आली असती आणि बसवतानाच नकार मिळाला असता. कक्षातील यंत्रावरच पुन्हा बांधणी करणे हा यावरचा सरळ उपाय आहे आणि मी विद्यार्थ्यांना तोच सांगतो.

फेडोरा आणि रेड हॅट या वितरणांच्या कुळात आरपीएम हा पॅकेज मॅनेजर हीच माहिती वेगळ्या पद्धतीने ठेवतो. तेथे लायब्ररीचे नाव पॅकेजाच्या नावात भाषांतरित होत नाही, तर एसओनेम आणि सिम्बॉलची आवृत्तीच जशीच्या तशी मागणी म्हणून नोंदवली जाते, आणि लायब्ररीचे पॅकेज तेच शब्द पुरवठा म्हणून जाहीर करते. लिनक्सहून वेगळ्या फ्रीबीएसडी या प्रणालीच्या पॅकेज मॅनेजरमध्ये तर एखादी शेअर्ड लायब्ररी कोणती पॅकेजे वापरतात, हे विचारण्यासाठी स्वतंत्र उपआज्ञाच आहे. पद्धती निराळ्या असल्या तरी मूळ माहिती सगळीकडे प्रोग्रामच्या पोटातूनच काढली जाते.

आता दप्तराबाहेर राहिलेल्या प्रोग्रामचे काय होते ते पाहू. रावेर तालुक्यातील एका केळी व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर एका पुरवठादाराचा प्रोग्राम चालत असे. तो काट्याकडून सीरियल पोर्टवर वजन घेई, पावती छापी आणि सुरक्षित जोडणीवरून नोंद मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरकडे पाठवी. पुरवठादाराने तो पॅकेज म्हणून दिलाच नव्हता. एक दाबलेली फाइल 'ऑप्ट' फोल्डरमध्ये उघडायची, एवढीच त्याची स्थापना. यंत्र उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर नेले गेले, तेव्हा २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ असल्यामुळे 'लिबएसएसएल १.१' हे जुने पॅकेज कालबाह्य ठरले. पॅकेज मॅनेजरने आपल्या नोंदी तपासल्या, त्या पॅकेजावर आता कोणीही अवलंबून नाही असे त्याला दिसले आणि इतर अनावश्यक पॅकेजांबरोबर ते काढले गेले. पॅकेज मॅनेजरचे यात काहीही चुकले नाही. त्याच्या दप्तरात त्या वजनकाट्याच्या प्रोग्रामचे नावच नव्हते. केळीच्या भरणीचे दिवस, बाहेर गाड्यांची रांग, आणि काट्यावर हातपावत्या लिहिण्याची पाळी आली.

तेथे मी पोचण्याआधी कोणीतरी एक उपाय करून पाहिला होता, आणि तो इतका प्रचलित आहे की त्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. नव्या 'लिबएसएसएल डॉट एसओ डॉट ३' या फाइलला जुन्या नावाचा दुवा (त्याच फाइलकडे नेणारे दुसरे नाव) करून द्यायचा, म्हणजे लोडरला जुने नाव सापडेल, असा तो उपाय. लोडरला नाव सापडतेही, पण पुढच्याच क्षणी तो 'ओपनएसएसएल १.१.०' या आवृत्तीचे सिम्बॉल मागतो आणि नव्या लायब्ररीतील सिम्बॉलवर ३.०.० असा शिक्का असल्यामुळे प्रोग्राम थांबतो. हे थांबणे उपकारकच म्हटले पाहिजे. ज्या लायब्ररींच्या सिम्बॉलना आवृत्त्या नसतात, त्यांच्या बाबतीत असा दुवा केल्यावर प्रोग्राम सुरू होतो आणि मग कधीतरी, अर्ध्या कामात, स्मृतीतील चुकीच्या जागी लिहून कोसळतो किंवा, त्याहूनही वाईट, चुकीचे आकडे देतो. वजनकाट्यावर चुकीचा आकडा म्हणजे शेतकऱ्याच्या पदरात पडणारे पैसे. मी असा दुवा कोणत्याही यंत्रावर ठेवत नाही आणि दिसला तर आधी तो काढतो.

त्या ठिकाणी आम्ही पुरवठादाराकडून ओपनएसएसएल ३ वर नव्याने बांधलेला प्रोग्राम मागवला, आणि तो येईपर्यंत जुना प्रोग्राम २०.०४ च्या कंटेनरमध्ये, म्हणजे मुख्य प्रणालीपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरखेरीज कोणाशीही बोलता येणार नाही अशा बंदोबस्तात चालवला. त्या वेळी २०.०४ ला सुरक्षा दुरुस्त्या मिळत होत्या, म्हणून हे तात्पुरते चालण्यासारखे होते. मूळ ओपनएसएसएल १.१.१ ची साथ तिच्या निर्मात्यांनी ११ सप्टेंबर २०२३ रोजी थांबवली आहे, त्यामुळे अशी सोय कायमची करून ठेवणे मला मान्य नाही.

नवी फाइल आली तेव्हा तिला पुन्हा ऑप्टमध्ये मोकळे सोडण्याऐवजी तिचे एक छोटे डेब पॅकेज बनवले. हे काम वाटते तितके अवघड नाही. प्रोग्रामचा स्रोत हाताशी असण्याची गरज नसते. तयार फाइल, ती कोठे ठेवायची ते सांगणारी एक ओळ, आणि नियंत्रण फाइलमध्ये अवलंबित्वाच्या जागी यादी आपोआप भरण्याचा संकेत, एवढे पुरते. बांधणीच्या वेळी डीपीकेजी-एसएचलिबडेप्सने त्या बंद फाइलच्या पोटातून स्वतःच 'लिबसी६' आणि 'लिबएसएसएल३' ही नावे किमान आवृत्त्यांसह काढून लिहिली. त्यानंतर लिबएसएसएल३ काढण्याचा प्रयत्न केला, तर पॅकेज मॅनेजर आधी वजनकाट्याचे पॅकेजही निघून जाईल असे दाखवतो. पुढच्या वेळी प्रणाली वरच्या आवृत्तीवर नेताना काही जुळत नसेल, तर ते निघणाऱ्या पॅकेजांच्या यादीत काम सुरू होण्याआधी दिसेल. ज्यांना तेवढेही करायचे नसेल, त्यांच्यासाठी 'इक्विव्हज' नावाचे साधन आहे. त्यातून फाइली नसलेले, फक्त अवलंबित्वाची यादी असलेले पॅकेज बनते. मात्र ती यादी हाताने लिहावी लागते आणि प्रोग्राम बदलला की ती जुनी होते, म्हणून माझी पसंती पहिल्या मार्गालाच आहे.

या नोंदीचे मोल सर्वाधिक स्पष्ट झाले ते डेबियनच्या २०२४ मधील मोठ्या स्थित्यंतरात. ३२ बिटी यंत्रांवर वेळ मोजणारा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी भरून वाहणार आहे, म्हणून डेबियनने ३२ बिटी एआरएम प्रोसेसरांवर तो आकडा ६४ बिटी केला. त्यामुळे ज्या लायब्ररी आपल्या फंक्शनांतून वेळ देतात वा घेतात, त्यांची अंतर्गत रचना बदलली, पण त्यांची एसओनेम तीच राहिली. म्हणजे फाइलचे नाव जुने आणि आतली मोजमापे नवी. लोडरला हा फरक कळण्याचा कोणताही मार्ग नाही. तो नाव पाहतो, नाव जुळते आणि तो पुढे जातो. डेबियनने म्हणून फाइलीचे नाव न बदलता पॅकेजाचे नाव बदलले आणि त्याच्या शेवटी 'टी६४' जोडले. लिबएसएसएल३ चे लिबएसएसएल३टी६४ झाले ते असे. सामान्य ६४ बिटी यंत्रांवर काहीच बदलले नव्हते, म्हणून तेथे नवे पॅकेज जुन्या नावाची मागणीही पुरी करते, आणि वर सांगितलेले वजनकाट्याचे पॅकेज उबुंटू २४.०४ वर त्यामुळेच बिनतक्रार बसते. जुने तयार प्रोग्राम चालत राहावेत म्हणून ३२ बिटी इंटेलची आवृत्ती या बदलातून वगळण्यात आली.

आमच्या भागातील तंत्रनिकेतनांचे विद्यार्थी रास्पबेरी पाय या छोट्या एआरएम संगणकावर ठिबक सिंचनाचे व्हॉल्व्ह ठरलेल्या वेळी उघडणारे आणि बंद करणारे प्रकल्प करतात, आणि त्यांतील बरेचसे ३२ बिटी प्रणालीवर असतात. अशा प्रकल्पाचा तयार प्रोग्राम डेबियन १२ वर बांधला आणि तीच फाइल डेबियन १३ वर नेऊन ठेवली, तर तो सुरू होईल आणि लायब्ररीशी वेळेची देवघेव करताना एक बाजू ३२ बिट मोजेल आणि दुसरी ६४. कोणताही त्रुटी-संदेश न येता व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडू शकेल. तोच प्रोग्राम पॅकेज असता, तर त्याने जुने पॅकेज मागितले असते, ते उपलब्ध नसते आणि पॅकेज मॅनेजरने तेथेच हात वर केले असते.

सुरक्षेच्या बाजूनेही हेच दिसते. ७ एप्रिल २०१४ रोजी हार्टब्लीड हा, सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त माहिती बाहेर फुटू देणारा दोष जाहीर झाला. तो ओपनएसएसएल १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्यांत होता. वेब सर्व्हर, टपाल सर्व्हर आणि इतर सारे प्रोग्राम एकाच सामाईक लायब्ररीवर असल्यामुळे एक पॅकेज अद्ययावत करताच फाइल सर्वांसाठी दुरुस्त झाली. ज्यांनी लायब्ररीची आपली वेगळी प्रत प्रोग्रामसोबत दिली होती, त्यांच्यापर्यंत ती दुरुस्ती पोचली नाही. मात्र पॅकेज मॅनेजर थांबतो तो डिस्कवरच, हे विसरता कामा नये. आधीच चालू असलेला प्रोग्राम जुनी फाइल स्मृतीत धरून बसलेला असतो आणि पुन्हा सुरू होईपर्यंत तीच वापरतो. अशा प्रोग्रामांची यादी 'नीडरीस्टार्ट' हे साधन देते आणि सर्व्हरवर ते असावेच असा माझा आग्रह आहे.

पॅकेज मॅनेजरलाही न दिसणारी एक वाट उरते. प्रोग्राम चालू असताना डीएलओपन या फंक्शनने एखादी लायब्ररी नाव देऊन उघडता येते आणि अशा लायब्ररीचा उल्लेख नीडेड नोंदींत नसतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संक्षेपण साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेले चोरदार आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याने उघडकीस आणले, तेव्हा या वाटेची चर्चा सर्वत्र झाली. त्या घटनेत, दूरून यंत्रात प्रवेश देणाऱ्या एसएसएच सर्व्हरला संक्षेपणाची लायब्ररी स्वतःला लागत नव्हती. काही वितरणांनी त्याला सिस्टमडीची (यंत्रावरच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या साधनाची) लायब्ररी जोडली होती आणि तिला ती संक्षेपणाची लायब्ररी लागत होती, म्हणून ती आत आली. अशी साखळी लहान करण्यासाठी सिस्टमडीने अनेक लायब्ररी गरजेपुरत्या डीएलओपनने उघडण्याची पद्धत स्वीकारली. पण त्यामुळे नोंदी दिसेनाशा होतील, हे ओळखून जून २०२४ च्या २५६ व्या आवृत्तीपासून अशा लायब्ररींची नावे ईएलएफ फाइलमध्येच स्वतंत्र टिपणाच्या रूपात लिहिण्याची सोय केली गेली, जेणेकरून पॅकेज बनवणाऱ्या साधनांना ती वाचता यावीत. ही मला फार योग्य दिशा वाटते आणि इतर प्रकल्पांनीही ती घ्यावी असे मनापासून वाटते.

आपल्या यंत्रावर दप्तराबाहेरचे काय आहे, हे तपासायला अर्धा तास पुरतो. ऑप्ट आणि यूएसआर-लोकल या फोल्डरांतील चालवता येणाऱ्या फाइली आणि लायब्ररी शोधाव्यात आणि प्रत्येकीसाठी डीपीकेजीला मोठ्या एसच्या पर्यायाने विचारावे की ही फाइल कोणत्या पॅकेजाची आहे. जिचे उत्तर मिळत नाही, तिच्या नीडेड नोंदी रीडईएलएफ या आज्ञेने, लहान डीचा पर्याय देऊन वाचाव्यात. पुष्कळ जण येथे लागणाऱ्या लायब्ररींची यादी दाखवणारी एलडीडी ही आज्ञा वापरतात, परंतु एलडीडी काही परिस्थितीत तो प्रोग्राम प्रत्यक्ष चालवू शकते, म्हणून ज्या फाइलवर विश्वास नाही तिच्यावर ती वापरू नये. मिळालेल्या प्रत्येक लायब्ररीचे पॅकेज त्याच डीपीकेजीच्या आज्ञेने शोधून लिहून ठेवावे. प्रणाली वरच्या आवृत्तीवर नेण्याआधी ही यादी निघणाऱ्या पॅकेजांच्या यादीशी ताडून पाहावी, आणि ज्या प्रोग्रामाचे पॅकेज बनवता येईल त्याचे पॅकेज यंत्राला हात लावण्यापूर्वी बनवून घ्यावे.